माठाच्या पाण्यात धुतलेला चेहरा

माझं पोषण पत्रकांवर झालं. बाबा सभेतून परतताना भाजी आणायला विसरत, पत्रक आणायला कधीच विसरले नाहीत. त्यामुळे दादाने फोटोच्या दुकानातून फिल्म धुवायच्या पुड्या आणल्या, तेव्हा त्यांच्यासोबतचं इंग्रजी पत्रक मी आधी हिसकावलं आणि ओसरीवर उभी राहून, हातात शब्दकोश धरून, त्याचा अर्थ मोठ्याने सांगू लागले. 'नवशिक्यांनो' अशी त्याची सुरुवात होती. मला ती फार आवडली.

फिल्म घरी धुण्याला कारण होतं. आदल्या वर्षी लग्नासाठी माझा फोटो स्टुडिओत काढला होता. तिथे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून पोरींना न विचारता गोरं करून देत. तो फोटो पाहून अमरावतीचे लोक अकोल्याला मला पाहायला आले. मी चहा घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "चहा घेतो आमी. आता फोटोतलीले बोलवा."

मी घरातली एकुलती एक मुलगी होते.

त्या दिवशी मी जाहीर केलं की यापुढे माझ्या तोंडावर कुणाची पेन्सिल चालणार नाही. जशी आहे तशी दिसेन, मग कुणी येवो न येवो.

आता मामाने मूर्तिजापूरचं स्थळ आणलं होतं. तो संध्याकाळच्या गाडीने फोटो घेऊन जाणार होता, आणि स्टुडिओतला जुना फोटो त्याच्या खिशात तयार होता.

"गाडीच्या येळेच्या आत तुमचा झाला तं तुमचा नेतो," तो म्हणाला, "नाई तं हा हायेच."

दादाने सकाळी मित्राच्या डबा कॅमेऱ्यातली सगळी फिल्म अंगणात माझ्यावर संपवली. आम्ही न्हाणीघराच्या दाराला गोधडी टांगली, दिव्याला पतंगाचा लाल कागद गुंडाळला, तामचिनीची ताटं मांडली. आमची फिल्म लाल उजेडात बिघडत नसे. दादा सावध माणूस. त्याने ती मधोमध कापून अर्धी राखून ठेवली.

पत्रकात लिहिलं होतं, पाणी अडुसष्ट अंश फॅरनहाइट हवं, म्हणजे चांगलं गार. घरात थर्मामीटर एकच, तापाचा. टाकीच्या पाण्यात तो बुडवला तर पारा शंभराच्या वर गेला. अकोल्याचा मे महिना, त्यात दुपार.

"पान्याले ताप हाय," दादा म्हणाला.

मी म्हटलं, हे पत्रक थंड देशात बसून लिहिलंय. आपल्या पाण्याला नावं ठेवायचा त्यांना काय अधिकार?

"मंग आता पान्यासाठी मोर्चा काढतं का?"

मोर्चाला वेळ नव्हता. त्याच गरम पाण्यात औषध कालवलं, फिल्मची दोन टोकं धरून ती ताटात खालीवर झुलवली, आणि बघता बघता माझं तोंड कोळशासारखं काळंठिक्कर झालं. मी खूश झाले. दादाने सांगितलं की निगेटिव्ह जितकी काळी, तितका कागदावरचा फोटो पांढरा. कडेने फिल्मवरचा थर सायीसारखा सुटू लागला तेव्हा त्याने घाईघाईने ती हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करायच्या औषधात, टाकली. वाळवून छापली, आणि कागदावर मी उमटले. भिंतीला चुना मारावा तशी. नाक नव्हतंच, नुसती दोन भोकं होती. स्टुडिओच्या पेन्सिलीला हे सात जन्मांत जमलं नसतं.

मामाचा आनंद गगनात मावेना. "हे तं इलायतेतली पोरगी झाली," म्हणत त्याने तो फोटो खिशात घातला.

मी दार अडवलं. "मामा, तो फोटो खोटा आहे."

"तूच धुतला न बाई? मंग खोटा कसा?"

मी पत्रक पुन्हा वरपासून वाचायला घेतलं.

आई दुपारची झोप मोडून आली होती. तिने मामाच्या खिशातून फोटो काढला, हात लांब करून पाहिला. "हे कोन व्हय?"

"कोन म्हंजे? तुहीच पोरगी."

"माही पोरगी अशी नाई. हे तं भूत दिसते."

मग तिने माठ उचलला. उन्हाळ्यात या माठातला दुसरा पेला ती पाहुण्यालाही देत नसे. तो तिने सगळाच्या सगळा घमेल्यात ओतला. "ठेव तुहं ताट याच्यात."

ताट घमेल्यात ठेवलं. जरा वेळाने दादाने थर्मामीटर झटकून औषधात धरला. पारा जागचा हलला नाही. "उतरला ताप," तो म्हणाला, आणि राखून ठेवलेली अर्धी फिल्म बाहेर काढली.

या वेळी मी आले ती सावळी, कपाळ चमकणारी, उन्हाने डोळे बारीक केलेली, आता कुणाला तरी जाब विचारणार अशी. दादाने फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला. मग म्हणाला, "डिट्टो."

"हा नेला तं मले मूर्तिजापुरात चा बी नाई भेटनार," मामा म्हणाला. आईने तो ओलाच त्याच्या हातात दिला आणि स्टुडिओतला काढून घेतला. संध्याकाळी बाबा तहानलेले आले, टाकीचं पाणी प्यायले आणि कारण ऐकून दुसरा पेलाही तेच प्यायले.

मूर्तिजापूरचे लोक मात्र आले. मुलाच्या आईने पिशवीतून फोटो काढला. माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, परत माझ्याकडे.

"हेच व्हय," ती म्हणाली आणि चहाचा कप उचलला.

मला इतकं बरं वाटलं की मी मुलाला हुंडा, बायकोची नोकरी आणि घरात भांडी कोण घासतं, हे एका दमात विचारून घेतलं.

आठवड्याने मामा निरोप घेऊन आला. नकार होता. "ते म्हनतात, पोरगी फोटोसारखीच हाय, पन फोटो बोलत नोता."

आईने विचारलं, "रंगाचं काई म्हनले का?"

"नाई."

मी मनातल्या मनात हिशेब केला. मागचा नकार पेन्सिलीला होता. हा सगळाच्या सगळा मला होता, आणि कारणही माझंच होतं. मी हसत होते ते पाहून मामा आणखी चिडला.

"आता काय करू मी, सांग," तो आईला म्हणाला.

"दुसरं स्थळ पाह," आई म्हणाली. "फोटो हाच ने."