पाय धुऊन या

आशागडला झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. दाराशी पाण्याची बादली ठेवलेली. चिखलाचे पाय धुतल्याशिवाय ते कोणालाच आत घेत नसत, कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्या मलाही नाही. पेनड्राईव्ह मात्र कोणाचाही असो, हसतमुखाने थेट कॉम्प्युटरला!

व्हायरस काढायला मी तिसऱ्यांदा आलो होतो. या खेपेला लोकांचे स्कॅन करून ठेवलेले दाखले उघडत नव्हते आणि गंजाडहून आलेली एक बाई फॉर्मसाठी बाकावर ताटकळत होती.

"अँटीव्हायरस परत बंद का केलात?" मी वैतागून विचारलं.

"अहो, तो प्रत्येकाचा पेनड्राईव्ह तपासत बसतो. गिऱ्हाइकावर संशय घेतल्यासारखं होतं. बरं दिसत नाही ते."

"आणि पाय धुवायला लावता, ते बरं दिसतं?"

"चिखल डोळ्यांना दिसतो हो." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमचाही पेनड्राईव्ह लावू दिलाच ना मघाशी? कुठून आणलात, विचारलं का मी?"

तो पेनड्राईव्ह मी सकाळी तलासरीच्या एका बिघडलेल्या कॉम्प्युटरमधून काढून, न तपासता, सरळ इथे आणला होता.

पाय मात्र धुऊन आलो होतो.