मागची अर्धी सीट

"पीछे कोई नहीं बैठता." हे वाक्य मी रायपूरच्या गोल बाजारामागे मोटारसायकलच्या सीट बनवणाऱ्या एका सीटवाल्याच्या दुकानात बोललो, आणि ते खोटं होतं. आजवर हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मागे बायको बसायची. लग्न झाल्यापासून बसत होती.

आधी वैतागाचं सांगतो, कारण सुरुवात तिथूनच झाली. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत लागले म्हणून रायपूरला आले, आणि मी इथेच एका सरकारी कार्यालयात चिकटलो. बायकोचं माहेर नागपूर. दरवर्षी दसऱ्याला आम्ही दोघं मोटारसायकलने दीक्षाभूमीला जायचो. त्या दिवसांत रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, हे सांगायचं कारण. खरं म्हणजे ती आमची रीतच होऊन बसली होती. पांढरे कपडे एका पिशवीत, मेणबत्त्यांचा पुडा दुसरीत, पोळ्यांचा डबा तिच्या मांडीवर. पहाटे निघायचं, साकोलीला चहा घ्यायचा, दुपारी नागपूर.

पंचेचाळिशी उलटली आणि माझं बूड ऐकेनासं झालं. राजनांदगाव येईपर्यंत ठीक. पुढे बाघनदीपर्यंत मी कधी डाव्या कुल्ल्यावर, कधी उजव्या. नागपुरात उतरलो की सासूबाईंसमोर खुर्चीवर बसायची हिंमत होत नसे. म्हणून नवी सीट शोधायला लागलो, आणि मग कळलं की रायपुरात जितके दुचाकीवाले तितके सीटचे डॉक्टर.

ऑफिसातल्या एकाने जेलचं पॅड सांगितलं. मागवलं. मे महिन्यात गाडी आवारात तासभर उन्हात राहिली की त्या जेलवर पोळी भाजली असती, आणि ब्रेक मारला की मी पुढे, पॅड मागेच. दुसरा म्हणाला, जेल बेकार, हवेची गादी घ्या. ती तोंडाने फुगवायची असते. एकदा भर सदर बाजारात तिची हवा गेली. मी गाडी कडेला घेऊन, वाकून, नळी तोंडात धरून फुंकून राहिलो होतो, मागून हॉर्न वाजत होते, आणि स्कूटीवरची एक पोट्टी जाता जाता म्हणाली, "अंकल, पंक्चर मुँह से बनाते हो क्या?" नंतर एक तयार टूरिंग सीट मागवली. फोटोत राजाचं सिंहासन. घरी आली तर गाडीच्या लॉकमध्ये बसेचना. कंपनीला फोन केला तर वरून दोन बुक्क्या मारा, म्हणे. मारल्या. हात सुजला, सीट बसली नाही.

मुलगी मराठी समजते, उत्तर हिंदीतच देते. "पापा, बाइक बेच के सोफ़ा ले लो ना."

या सगळ्यात एकटी बायकोच माझी चेष्टा करत नव्हती. विहारात येणाऱ्या एका बाईच्या नवऱ्याने सीट बनवून घेतली होती, तिच्याकडून दुकानाचा पत्ता तिनंच आणला. "अवो, हे ऑनलाइन-बिनलाइन सोडा. तुमच्या मापाची करून घ्या," ती म्हणाली. म्हणजे मला त्या दुकानात पाठवलं तेही तिनंच.

सीटवाला बडबड्या, तोंडात गुटखा, भिंतीला टेकवलेल्या गाडीवर मला बसवून रेक्झिनवर खडूने रेघा मारत होता. मग त्याने विचारलं, "डबल चलती है कि सिंगल?" त्याची पद्धत अशी की गाडीवर दोघं बसत असतील तर दोघांना एकदम बसवायचं, खुणा करायच्या आणि मगच फोम कापायचा. सीटची लांबी तर वाढत नाही. पुढच्याला ऐसपैस केलं की मागच्याची जागा खाल्ली जाते. "भाभीजी को ले आओ, दोनों के हिसाब से काटूँगा."

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

काहून बोललो, तेही सांगून टाकतो. मला नुसती मऊ सीट नको होती. मला एकट्याने जायचं होतं. ती मागे बसली की खांद्यावर टकटक सुरू. "अवो, हळू." "अवो, तो ट्रक पाहून राहिले ना?" "थांबा जरा, पोट्टीले फोन लावते, गॅस बंद केला का विचारते." दिवसभर ऑफिसात माणसं, घरी टीव्ही आणि माणसं. मला वर्षातून एक रस्ता असा हवा होता जिथे कोणी बोलणार नाही. एवढंच. दुसरी बाई नाही, व्यसन नाही, काही नाही. हे तिला सांगता आलं असतं. ती एक दिवस रुसली असती, दुसऱ्या दिवशी म्हणाली असती, जा बापा. मी सांगितलं नाही. फोम कापून घेतला.

सीट तयार झाली. पुढे खोलगट, रुंद, झकास. मागे अरुंद उंचवटा, मागच्या बाजूला उतरता, आणि आडवी एक कड. पहिल्यांदा बसली तेव्हा मी विचारलं, "कशी वाटते?"

"मस्त आहे. तुमाले बरी झाली ना?"

दुर्गला एका लग्नाला गेलो. भिलाई येता येता तिने गाडी थांबवायला लावली. उतरली, कंबर धरून उभी राहिली, मग हसली. "माह्यी कंबरच गेली वाटते."

त्या वेळी सीटबद्दल बोलायला अख्खा रस्ता रिकामा होता. मी म्हणालो, "वय झालं आता."

तिला ते पटलं. समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात जाऊन आली. पट्टा आला, शेकायची पिशवी आली, सकाळी हॉलमध्ये चटई टाकून व्यायाम सुरू झाला. मी चहा पिऊन तिच्या बाजूने ऑफिसला निघायचो. त्या दसऱ्याला तिनंच सांगितलं, "तुमी जा. मी आले तर तुमालेच थांबत थांबत जावं लागन." मेणबत्त्यांचा पुडा माझ्या पिशवीत ठेवला. "एक माह्या नावानं लावजा."

गेलो. हवा तसा प्रवास झाला. खांद्यावर टकटक नाही, बूड सुखात. साकोलीला सवयीने दोन चहा सांगितले आणि दोन्ही मीच प्यायलो. नागपुरात तिच्या नावाने मेणबत्ती लावली. सासूबाईंनी विचारलं, पोरीची कंबर कशी आहे? मी म्हणालो, इलाज चालू आहे.

हे असंच चाललं असतं. यंदा होळीनंतर माझं मनगट मुरगळलं, आणि राजनांदगावला एका कार्यक्रमाला जायचंच होतं. भिलाईचा माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ, घरी आलेला होता. तो म्हणाला, मी चालवतो, तुम्ही मागे बसा. त्या सीटवर मी मागे कधी बसलोच नव्हतो. कुम्हारीपर्यंत मी घसरत होतो आणि साळ्याचा शर्ट धरून पुन्हा वर सरकत होतो. त्यानंतर ती कड माकडहाडाला जी लागली, ती लागली. भिलाईला मीच म्हणालो, थांब.

तो उतरला, सीटवर हात फिरवून पाहिला. "भाऊजी, ये तो आप ही ने बनवाई है ना?"

"हो."

"दीदी इस पे बैठती थी? कभी बोली नहीं."

मी पाणी प्यायलो.

पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन त्याच दुकानात उभा. "पीछे भी बैठेंगे अब," मी म्हणालो. सीटवाला मिशीत हसला. "भैया, आप तो बोले थे पीछे कोई नहीं बैठता. शादी कर ली क्या?" आणि फोम काही नुसता कापून होणार नव्हता. दोघांना बसवल्याशिवाय तो हात लावायला तयार नव्हता. म्हणजे तिला तिथे न्यायचं, आणि याचं तोंड हे असं. मी त्याला हळूच सांगितलं, "उनके सामने वो बात मत निकालना." तो म्हणाला, "हव, भैया," आणि डोळा मारला. मला स्वतःचीच इतकी किळस कधी आली नव्हती.

मागची बाजू जरा मऊ करून घेऊ, एवढंच सांगून तिला आणलं. माझ्यामागे बसली. त्याने विचारलं, "भाभीजी, कहाँ तकलीफ है?" आणि इतके दिवस "मस्त आहे" म्हणणारी बाई त्याला धडाधड सांगायला लागली. "यहाँ चुभता है. इधर से फिसलती हूँ. और ये कोना तो बिल्कुल निकाल दो, भैया." मी पुढे बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होतो. सीट कुठे टोचते ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण ती मला मानवली म्हणून बोलली नव्हती, आणि कंबर वयानं गेली असंच धरून चालली होती.

नव्या सीटवर राजनांदगावला जाऊन आलो. घराच्या फाटकापाशी ती उतरली, ताठ उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर. "पाहा! म्हणत होते ना मी, व्यायाम सोडायचा नाही!"

मी म्हणालो, "हो."

आता ती विहारातल्या बायांना व्यायाम शिकवून राहिली आहे. आमच्या हॉलमध्ये सकाळी तीन चटया असतात. माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "यायनंच पाहिलं, कशी वाकली होती मी." बाया माझ्याकडे पाहतात आणि मी मान हलवतो. तिला तो पट्टा फेकू द्यायचा नाही, आठवण म्हणून ठेवायचा आहे. कपाट उघडलं की माझ्याच शर्टांच्या वर लटकलेला दिसतो.

दसरा जवळ आला आहे. मेणबत्त्यांचा पुडा आणून झाला आहे. या खेपेला आम्ही दोघं जाणार, हे ठरलं आहे.

तिची कंबर कधीच बिघडली नव्हती. सीट वाईट होती, आणि ती मी सांगून तशी करवून घेतली होती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. एवढं सांगणं मी तिला देणं लागतो.