होट्टलचा दरवान

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शब्दही चुकतील. चौथीपर्यंतच शिकले, माफी असावी.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं फिरायला निघालो, होट्टलची जुनी देवळं पाहायला. आमचे हे मागच्या भिंतीवरचं कोरीव काम बघत राहिले. दारात गदा घेतलेली मोठी मूर्ती दिसली, तसे मी हात जोडले आणि पदराची गाठ सोडून होतं ते सगळं तिच्या पायाशी ठेवलं. मग आठवलं, त्यातच नांदेडला परतायचं मोटारभाडं होतं. देवाला वाहिलेलं परत कसं घ्यायचं? आणि यांना काय सांगायचं? माझे डोळे भरून आले.

पायरीवर शेळ्या राखणारी एक म्हातारी काठीवर हनुवटी टेकून बसली होती.

"काय झालं गं लेकी?"

मी कसंबसं सांगितलं. ती इतकी हसली की शेळ्याही दचकल्या.

"अगं येडे, देव आत हाय. ह्यो तर दरवान!"

"पण मी वाहिलं ना, आजी."

"दरवानाला दिलेलं देवाला कवा पोचलंय? आमच्या तहसिलीत जाऊन बघ की!"

तिनं मूर्तीवर काठी उगारली. "आण रं इकडं, लेकरानं काय चालत जावं व्हय?"

लाजेनं मी तिचं नावही विचारलं नाही. तिनं वाकून नाणी वेचली, लुगड्याला पुसली आणि एकेक करून माझ्या तळहातावर ठेवली. दरवानानं एक पैसुद्धा ठेवून घेतली नव्हती.