तिघांना तीन प्लॅन

आमच्या मॅनेजरला आम्ही दुर्बीण म्हणायचो, अर्थात त्याच्या पाठीमागे. गाद्यांच्या कारखान्यातला शिलाई विभाग मी सांभाळते. पण हा माणूस टाके बघायचाच नाही. कोण कोणाशी बोलतंय ते बघायचा. दोनदा आमची नवी गादी यायच्या आधीच समोरच्या कंपनीची तशीच गादी बाजारात आली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात संशयाचा भुंगा शिरला. घरभेदी आपल्यातलाच आहे म्हणे!

त्यात मालकांनी त्याला बजावलं, "महिन्याभरात पुढच्या वर्षाचं ठोस धोरण दाखवा, नाहीतर कारखान्याला कुलूप." चाळीस जणांच्या पोटाचा प्रश्न होता.

त्याने मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, खिडकीही ओढून घेतली. "ताई, कोणाला बोलायचं नाही. यापुढे आपण फक्त हॉस्पिटलच्या गाद्या करणार. तयारीला लागा."

मी लागले ना! सुट्टीच्या दिवशी हॉस्पिटलं पालथी घातली, नर्सना विचारलं, ओल्या फडक्याने पुसता येईल असं कव्हर स्वतः शिवलं. नवरा विचारून विचारून थकला, पण त्यालाही पत्ता लागू दिला नाही.

मालकांपुढे बैठक भरली. मी हॉस्पिटल म्हटलं, तर स्टोअर सांभाळणारे काका गोंधळले. "मला तर लहान मुलांच्या गाद्या सांगितल्या होत्या." सेल्सवाल्याने हॉटेलांची यादी काढली. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. तिघांना तीन प्लॅन सांगून हा महिनाभर बघत बसला होता, त्यातला कोणता बाहेर फुटतो ते. एकही फुटला नव्हता.

"आणि खरं धोरण?" मालकांनी विचारलं.

"ते फुटू नये म्हणून... लिहिलंच नाही अजून."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मालकांनी माझं कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, हेच करायचं. कारखाना वाचला. दुर्बिणीला नारळ मिळाला आणि मॅनेजरची खुर्ची माझ्याकडे आली.

पहिल्याच आठवड्यात काका धापा टाकत केबिनमध्ये आले. बावीस वर्षं मला लेकीसारखं मानणारा माणूस! "पोरी, समोरची कंपनी पुसता येणाऱ्या कापडाची चौकशी करतेय. लवकर काहीतरी कर."

"तुम्हाला कसं कळलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काका दोन पावलं मागे सरकले. "कापडवाल्याने सांगितलं, मॅडम."

ते गेल्यावर मी कापडवाल्याला फोन लावून खात्री करून घेतली. लाज वाटली, पण करून घेतली.