ऐंशीवर टाकलेला हात

लातूरच्या निवृत्तांच्या मंडळाने रमीची स्पर्धा ठेवल्याचं कळलं आणि मी नाव देऊन टाकलं. पैसे लावायचे नाहीत, बक्षीस मिक्सर. माझ्या एकट्याच्या घरात मिक्सरला कामच नाही. पण यादीत दत्ता होता, आता लातूरला राहणारा. वीस वर्षं आम्ही नांदेडात दर रविवारी रमी खेळलो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं, भावकी काय म्हणेल म्हणून मी गेलो नाही. तेव्हापासून तो बोलत नाही. एकदा तरी त्याने बोलावं, एवढ्यासाठीच निघालो.

नांदेडहून सकाळची एसटी धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत तीन-साडेतीन तास लागतात. ज्येष्ठांना अर्धं तिकीट. अहमदपूरला चहा बरा मिळतो, भजी गरम असतील तरच घ्या. शेजारच्या बाबांनी विचारलं, "लातूरला कोण हाय?"

"दोस्त हाय," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

लातुरात उतरल्यावर निलंगा राईस जरूर खा. मला दोन घासांपुढे गेला नाही.

दुसऱ्या फेरीत दत्ता नेमका समोर आला. नुसती मान हलवली. खेळ साधा: हराल त्या डावाचे गुण अंगावर चढतात, एकशे एक झाले की उठायचं. सुरुवातीलाच न खेळता हात टाकला तर वीसच चढतात. मी ऐंशीवर होतो आणि दत्ता अजून गप्पच होता. हातात एक सिक्वेन्स लागलेला, एक जोकर, बाकी खिचडी. असा हात खेळायचा असतो, हे मीच लोकांना शिकवत आलोय. पण हरलो असतो तर लगेच उठावं लागलं असतं. टाकला तर शंभरावर राहून आणखी एक डाव त्याच्यासमोर नक्की बसता येणार होतं. मी टाकला.

पुढच्या डावात बाहेर पडलोच. खुर्ची सरकवली तेव्हा पत्ते पिसता पिसता दत्ता म्हणाला, "मघाचा हात खेळायसारखा होता. तुझ्या तोंडावरून कळत होतं. का टाकलास?"

"भ्यालो."

"अन् लग्नाला?"

"तवाबी."

पत्त्यांचं खोटं होतं, लग्नाचं खरं. दत्ताने दोन्ही ऐकून घेतलं आणि उरलेल्यांना पत्ते वाटायला लागला.

संध्याकाळी घरी पोचलो, खिचडी टाकली. तीन वर्षं मनात जुळवत आलेलं बोलणं एका शब्दात संपलं. बरं वाटेल असं वाटलं होतं. पण आता लातूरला जायला कारणच उरलेलं नाही.