चूक आधी, पाणी नंतर

शर्यत संपवून धापा टाकत आलेल्या मुलीला कुणीही आधी पाणी देतं. आमचे फक्की सर देत नसत. बाटली हातात धरून ते विचारायचे, "कुठे चुकलं?" उत्तर आलं की मगच झाकण उघडायचे. पहिल्या आलेलीलाही सूट नव्हती. "काहीच नाही चुकलं सर," असं कुणी म्हटलं, तर शांतपणे म्हणायचे, "मग तुला अजून तहान लागलेली नाही."

फक्की सर हे नाव मुलांनी ठेवलेलं. कल्याणच्या आमच्या कॉलेजात ते क्रीडाशिक्षक होते आणि मैदानावरच्या धावपट्ट्या चुन्याच्या फक्कीने स्वतः आखायचे. त्यांच्या पँटच्या कडा कायम पांढऱ्या. मैदान म्हणायला आमचं. प्रत्यक्षात ते लग्नांचं, गरब्याचं आणि पुढाऱ्यांच्या क्रिकेट सामन्यांचं. मांडववाले गेले की सर खड्डे बुजवायचे, दोरी ताणायचे आणि पुन्हा पट्ट्या आखायचे. मी एकदा म्हटलं, "सर, परवा परत मांडव आहे. कशाला एवढं करता?" ते म्हणाले, "परवा आहे ना? आज नाही ना?"

मला हे असलं पटत नसे. विठ्ठलवाडीतल्या आमच्या घरात वडील कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे आणि प्रुफं मी तपासायचे. 'जाहीर निषेध' हे शब्द मी चौथीत असताना न चुकता लिहीत होते. साहजिकच मी मांडवांविरुद्ध पत्रक काढलं, 'मैदान कुणाचं?', आणि जिमखान्याच्या दारावर चिकटवलं. सरांनी बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेले. पत्रक त्यांच्या टेबलावर होतं, लाल पेनाने खुणा केलेलं.

"मजकूर बरोबर आहे," सर म्हणाले. "पण एवढ्याशा कागदात पाच वेळा निषेध? वाचणाऱ्याने दम कुठे खायचा?" मग जरा थांबून म्हणाले, "खाली माझी सही चालेल?"

मांडव पडतच राहिले. त्या सहीबद्दल सरांना मेमो मिळाला. तो घडी घालून त्यांनी शिट्टीच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे साडेसहाला मैदानावर हजर.

माझी खरी परीक्षा झाली ती ठाण्यात, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत. मुलींच्या रिलेत मी तिसरी पळणार होते आणि शेवटची रुपाली. पहिल्या येणाऱ्या संघातल्या चौघी थेट विद्यापीठाच्या शिबिराला जाणार होत्या. रुपाली डोंबिवलीची, वडील रिक्षा चालवायचे. तिचं शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठाकडून खेळायला मिळालं तर पुढेही पळू, नाहीतर घरच्यांनी ठरवलेल्या नोकरीला लागायचं, असा तिचा घरी करार झाला होता.

आम्ही पहिल्या आलो. वळणावरच्या पंचाने पांढरा झेंडा दाखवला होता, म्हणजे सगळं नियमात. पण मला माहीत होतं. मी लवकर सुटले होते आणि बॅटन माझ्या हातात आलं तेव्हा ते देण्या-घेण्याच्या हद्दीची रेघ मागे पडली होती. वीतभर असेल. नियमाने आम्ही बाद.

सर बाटली घेऊन आले. "कुठे चुकलं?"

"सुरुवात स्लो झाली," मी म्हटलं.

त्यांनी झाकण उघडलं. मी एक घोट घेऊन बाटली परत दिली. पलीकडे रुपाली फोनवर ओरडत होती, "पप्पा, डायरेक्ट कॅम्प!"

दहा मिनिटांनी मी सरांकडे गेले आणि खरं ते सांगितलं.

"मलाही तसंच वाटलं," ते म्हणाले. "पण मी लांब होतो, खात्री नाही. तुझी आहे?"

"आहे."

"पंचांचं टेबल तिकडे आहे."

"सर, रुपालीचं शेवटचं वर्ष आहे."

"म्हणून तर मी 'जा' असं म्हणत नाही. तू ठरव. पण जाणार असशील तर आधी तिला सांग. नुकसान तिचं आहे, तिला दुसऱ्याकडून कळता कामा नये."

अन्यायाविरुद्ध मी गल्लीभर घोषणा दिल्या होत्या. रुपालीपर्यंतच्या त्या पन्नास पावलांना जेवढं धैर्य लागलं, तेवढं तेव्हा कधी लागलं नव्हतं.

"येडी झालीस का?" रुपाली म्हणाली. "झेंडा पांढरा होता ना? कुणी बोललं का काही? तुझी क्रांती तुझ्या घरी कर ना! माझ्यावर कशाला?"

"मी जातेय, रुपाली."

"जा. परत माझ्याशी बोलू नको."

टेबलावरच्या पंचांना वाटलं, मी दुसऱ्या कॉलेजची तक्रार घेऊन आलेय. "कुणाविरुद्ध?" त्यांनी विचारलं. "आमच्याच," मी म्हटलं. त्यांनी सरांना हाक मारली. "अहो सर, पोरीला ऊन लागलंय का?"

"नाही," सर म्हणाले. "ती म्हणते तसंच झालं असणार."

आम्ही बाद झालो. आता रुपालीला एकच वाट उरली होती: पंधरा दिवसांनी होणारी खुली निवड चाचणी. तिथे सगळ्या कॉलेजांच्या मुली शंभर मीटर पळणार आणि त्यांतल्या फक्त सहा जणी घेणार.

दुसऱ्या सकाळपासून सर तिच्यामागे लागले. मीही रोज जात होते. रुपाली माझ्याशी बोलत नव्हती. मी दोन हात अंतरावर उभी असताना ती सुटताना पाय रोवायच्या ब्लॉककडे बोट दाखवून म्हणायची, "सर, तिला सांगा ब्लॉक धरायला." सर माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणायचे, "ती म्हणते, ब्लॉक धर." मी म्हणायचे, "सर, तिला सांगा, मान लवकर वर येतेय." तेही सर पोहोचवायचे. एकदाही 'आता पुरे' म्हणाले नाहीत.

चाचणीला मीही पळाले आणि अकरावी आले. यादी भिंतीवर लागली तेव्हा मी माझं नाव शोधलंच नाही. चौथ्या ओळीत रुपाली होती. मी तिथेच पायरीवर बसले. रुपाली समोर येऊन उभी राहिली.

"तुझ्यामुळे नाही हां," ती म्हणाली. "तू एवढं करूनसुद्धा गेलेय मी. लक्षात ठेव." मग हात पुढे केला. "ऊठ आता, जाम भूक लागलीय."

त्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि संगमेश्वरकडे गावी निघाले. खोपटच्या एसटी डेपोवर आम्ही दोघी त्यांना सोडायला गेलो. रुपाली विद्यापीठाचा ट्रॅकसूट घालून आली होती आणि कंडक्टरने विचारलं नसतानाही त्याला सांगत होती की हे माझे कोच. तेवढ्या वेळात मी खिडकीशी उभी राहून, इतके महिने मनात अडकलेलं विचारलं.

"सर, रुपाली निवडली गेली नसती तर?"

त्यांनी कंडक्टरशी बोलणाऱ्या रुपालीकडे पाहिलं.

"तरी तू बरोबरच असतीस," ते म्हणाले. "आणि मला जन्मभर झोप लागली नसती." मग खिडकीच्या गजावर कपाळ टेकून ते हसायला लागले, एवढे की डोळे पुसावे लागले. "पळाली बाई एकदाची! काय घाबरलो होतो मी!"

गाडी सुटली. त्या पंधरा दिवसांत मी एकटीच घाबरलेले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.