ताटीखालचा जनरेटर

जनरेटर दिसतच नव्हता. कूलरच्या मागे अंगणात नुसती ओली वाळ्याची ताटी दिसत होती आणि तिच्याखालून काळा धूर येत होता.

"अण्णाजी, हे काय केलंत?"

"इंजिन लय तापून राहिलं ना साहेब! मग टाकली ताटी. दर घंट्याले पाणी मारतो."

सीताबर्डीच्या एका जनरेटर डीलरकडे मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. अण्णाजींचं महाल भागात कापडाचं दुकान, मागे घर. थोरली मुलगी कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मे महिन्यात लाइट गेले तरी तिचा कूलर चालावा, म्हणून हौसेनं जनरेटर घेतलेला.

आमच्या नागपुरात जे तापेल त्याला वाळा आणि पाणी! माणसाला ठीक आहे. पण हे इंजिन एअर-कूल्ड. त्यात पाणी फिरत नाही, पंखा सिलिंडरवर हवा मारतो, तेवढाच गारवा. ती हवा ताटीनं अडवली. एअर क्लीनर, म्हणजे इंजिनचं नाक, तोही भिजून चिंब. हवा कमी पडली की इंधन अर्धवट जळतं. तोच हा काळा धूर.

ताटी काढली, क्लीनर धुऊन वाळवला, इंजिन सुरू केलं. धूर विरळ झाला. अण्णाजी खूश.

"चहा घेऊनच जा गा साहेब आता!"

मी मात्र त्या विरळ धुराकडे पाहत होतो. तो वर जात नव्हता. सरळ कूलरमध्ये शिरत होता. कूलर मागूनच हवा ओढतो आणि सायलेन्सरचं तोंड नेमकं तिकडे.

"त्या खोलीत कोण आहे?"

"कुसुम. झोपून राहिली. कालपासून डोकं दुखते म्हणते, उलट्याही झाल्या. तिले ऊन लागलं."

"घरात बसून ऊन?"

इंजिन बंद करून धावलो. उन्हाची झळ नको म्हणून दारं-खिडक्या गच्च लावलेल्या. दाराशी कुसुमच्या आई, काकू, कैरीचं पन्हं घेऊन उभ्या.

"काहून धावता गा? पोरगी झोपली आहे!"

दार ढकललं. आत वाळ्याचा छान सुगंध होता. हाका मारल्या, कुसुम हूं की चूं करेना. मी आणि अण्णाजींनी खाटेसकट तिला अंगणात आणलं.

गल्लीतले डॉक्टर धावत आले. धुरातल्या विषारी वायूला स्वतःचा वास नसतो, हे त्यांनीच सांगितलं. उरलेला धुराचा वास वाळ्यानं झाकला होता. बऱ्याच वेळानं कुसुमनं डोळे उघडले. मग डॉक्टरांनी तिच्या पोटावर नळी ठेवली.

"बाळाचे ठोके आहेत. आता दवाखान्यात न्या, ऑक्सिजन लागेल."

अण्णाजी खाटेच्या कडेला बसले. "तिच्यासाठीच घेतला होता ना मी हा," एवढंच म्हणत राहिले.

महिन्याभरात कुसुमला मुलगी झाली, धडधाकट. आणि मी कुठल्याही कम्प्लेंटवर गेलो की इंजिनला हात लावण्याआधी धूर कुणाच्या घरात जातो ते पाहू लागलो. गुदमरलेलं इंजिन निदान धूर ओकून सांगतं तरी, गुदमरलेल्या माणसाला आपण ऊन लागलं म्हणून पन्हं पाजत बसतो.